त्याच जागी तिसऱ्यांदा

डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी हाताला लागलं, तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, डोळ्यातून पाणी येत नव्हतं. चेहरा धुताना बोट अडलं, एवढंच. माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसाचे सात-आठ तास बारीक अक्षरांत डोळे घालून बसायचं, त्यामुळे डोळ्याला काही झालं की आधी ‘ताण पडला असेल’ हेच मनात येतं. रांजणवाडी असेल, चार दिवसांत बसेल, असं म्हणून मी पुढच्या पानाला लागले.

चार दिवसांत ती बसली नाही. महिन्याभरात चांगली मण्याएवढी झाली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पापणी उलटून पाहिली आणि सांगितलं, कलाझिऑन आहे. पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, मायबोमियन ग्रंथी. वरच्या पापणीत साधारण तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. अश्रूंवर त्या तेलाचा पातळ थर पसरवतात, म्हणून डोळ्यातला ओलावा लगेच सुकून जात नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आतच साठतं, भोवती सूज येते आणि गाठ धरते. बहुतेकांची ही गाठ गरम शेकानं काही आठवड्यांत विरते. माझी विरली नाही. मग पापणीत भुलीचं इंजेक्शन देऊन, पापणी उलटी करून, आतल्या बाजूनं छोटा छेद घेऊन त्यांनी ती खरवडून काढली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पट्टी, मलम, दोन दिवस विश्रांती.

त्यातला एक क्षण मला आज फार स्पष्ट दिसतो. तोंडावरचं हिरवं कापड बाजूला झालं तेव्हा शेजारच्या ट्रेमध्ये कापसाचा बोळा होता आणि त्यावर पिवळट, रक्त लागलेलं, चिमूटभर काहीतरी होतं. सिस्टरनी तो बोळा चिमट्यानं उचलला आणि पायानं उघडायच्या डब्यात टाकला. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

पाच महिन्यांनी गाठ परत आली. त्याच पापणीत, त्याच जागी. डॉक्टर म्हणाले, काही जणांना वारंवार होतं, ग्रंथीच तशा असतात. तेही खरंच आहे, कलाझिऑन पुन्हा होणारी माणसं पुष्कळ असतात. पुन्हा भूल, पुन्हा खरवडणं, पुन्हा तो डबा. या खेपेला मी विचारलंसुद्धा, “हे तपासायला वगैरे पाठवायचं नसतं का?” “साधी चरबी आहे ती, काही गरज नाही,” असं उत्तर मिळालं आणि मी मान हलवली. तो प्रश्न मी पुन्हा एकदा, जरा जोर देऊन विचारायला हवा होता. ही गोष्ट मी मनातून काढू शकलेले नाही.

तिसरी खेप वेगळी होती, आणि ती माझ्या आधी मुलीच्या लक्षात आली. दूर असते ती. व्हिडिओ कॉलवर बोलताना मध्येच थांबली आणि म्हणाली, “आई, जरा कॅमेऱ्याजवळ ये. तुझ्या पापणीचे केस कुठे गेले?” मी आरशापुढे गेले. वरच्या पापणीच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात केसच नव्हते. तुटलेले नव्हते, छाटल्यासारखे खुरटलेही नव्हते. तिथे गुळगुळीत, किंचित जाड, गुलाबी कड होती. दोन वर्षांपूर्वीचा एक फोटो शोधून मोठा करून पाहिला, तर त्यात सगळे केस जागेवर होते. गाठ म्हणावी तर आता गोल मणीही हाताला लागत नव्हता. पापणीच जाडसर झाल्यासारखी वाटत होती, आणि तो डोळा गेले दोन महिने लालच होता. थेंब घातले की जरा निवळायचा, पुन्हा लाल.

आमच्या कामात एक अनुभव नेहमी येतो. दुरुस्त करून पाठवलेली चूक त्याच ओळीत, त्याच शब्दात तिसऱ्यांदा छापून आली, की जुळणी करणाऱ्याला बोलण्यात अर्थ नसतो. मूळ प्रत मागवायची आणि ती वाचायची. त्या रात्री आरशासमोर मला नेमकं तेच सुचलं. इथली मूळ प्रत अजून कोणी वाचलेलीच नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांमध्येही पापणी, अश्रुमार्ग आणि नेत्रखोबण यांवर काम करणारे वेगळे शल्यचिकित्सक असतात, ऑक्युलोप्लास्टिक सर्जन. हे मला तोवर माहीत नव्हतं. मी अशा एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी मला स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, हनुवटी टेकवायला सांगितलं आणि बराच वेळ काहीच न बोलता बघत राहिल्या. प्रकाशाची ती उभी पट्टी पापणीच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली. आधी उजवा, धडधाकट डोळा. मग डावा. मग पापणी उलटून आतली बाजू. नंतर त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे, जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून पाहिलं. पापणीशेजारी छोटी मोजपट्टी धरून फोटो काढले. डोळा पुढे आलाय का, सगळ्या दिशांना हलतो का, हेही तपासलं.

“आधी दोनदा काढलंय म्हणालात. त्याचे रिपोर्ट?”

“रिपोर्ट नाहीत.”

“तुकडा पाठवला नव्हता?”

“नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. आधीच्या ठिकाणी फोन करून विचारलं, काही जपून ठेवलंय का. नव्हतं. मग खुर्ची माझ्याकडे वळवून त्या म्हणाल्या, “काकू, पन्नाशीच्या पुढच्या माणसाला त्याच जागी परत कलाझिऑन आलं, तर तुकडा तपासल्याशिवाय मी त्याला कलाझिऑन म्हणत नाही. तुमचे तर केसही गेलेत. आणि आतली बाजू पिवळसर, खडबडीत दिसतेय. आपल्याला बायोप्सी करायला लागेल. नीट, पापणीच्या पूर्ण जाडीची.”

पूर्ण जाडीची म्हणजे काय, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची असते, पण तिच्यात वरून खाली त्वचा, स्नायू, मग टार्सस नावाची कडक पट्टी आणि आतून नेत्रश्लेष्मल पडदा असे थर असतात. तेलाच्या ग्रंथी त्या कडक पट्टीत रुतलेल्या. वरवरचा ओरखडा घेतला तर खाली काय चाललंय ते कळतच नाही. शिवाय त्यांना ज्या आजाराची शंका होती, तो एका जागी गाठ करून बसतोच असं नाही. त्याच्या पेशी आतल्या पडद्यावर पसरतात, कधी मध्ये निरोगी जागा सोडून पुढे उगवतात. म्हणून गाठीच्या तुकड्याबरोबर पडद्याचे ठिकठिकाणचे बारीक तुकडे घ्यायचे, नकाशा काढावा तसे. याला मॅप बायोप्सीच म्हणतात.

माझे बारा तुकडे घेतले. भुलीमुळे दुखलं नाही, पण कात्रीचा बारीक आवाज ऐकू येत होता. या वेळी मी मुद्दाम मान वळवून ट्रेकडे पाहिलं. बारा लहान बाटल्या ओळीनं मांडलेल्या, आत पाण्यासारखं फॉर्मलिन, तुकडा टिकवून ठेवणारं द्रावण, आणि प्रत्येकीवर माझं नाव, तारीख, कोणता डोळा, कोणती जागा. शेजारच्या कागदावर डोळ्याची आकृती आणि तिच्यावर १ ते १२ आकडे. सिस्टर बाटली उचलून आकडा मोठ्यानं वाचत, डॉक्टर ‘बरोबर’ म्हणत, मग झाकण लागत होतं. एकेक मिलिमीटरचे ते कण पाण्यात तरंगत होते. मला रडू आलं. भीतीनं आलं असं नाही म्हणता येणार. माझ्या पापणीतून निघालेल्या गोष्टीकडे पहिल्यांदाच कोणीतरी इतक्या काळजीनं बघत होतं.

रिपोर्टला नऊ दिवस लागले. आजाराचं नाव सेबेशस ग्लँड कार्सिनोमा, म्हणजे तैलग्रंथीचा कर्करोग.

या रोगाबद्दल जे कळलं ते सविस्तर सांगते, कारण मला हे दोन वर्षं आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. हा रोग सोंगाड्या आहे. कधी तो कलाझिऑनचं रूप घेतो, कधी नुसते डोळे आल्यासारखी न हटणारी लाली दाखवतो. लाली दोन्ही डोळ्यांत असेल तर बहुतेक वेळा ॲलर्जी किंवा पापण्यांची साधी सूज असते. महिनोन् महिने एकाच डोळ्यात राहिली आणि औषधानं हटेना, तर शंका घ्यायची. खालीपेक्षा वरच्या पापणीत तो जास्त होतो, कारण तिथे ग्रंथीच जास्त. पापणीचे केस गळणं ही फार महत्त्वाची खूण, कारण साध्या कलाझिऑननं सहसा केस जात नाहीत. गाठ वाढताना केसांची मुळंच खाल्ली जातात. आणि दुखणं? ते तर अजिबात नव्हतं. दुखत नाही म्हणून मी निवांत राहिले. त्या निवांतपणात आठ-नऊ महिने गेले.

आणखी एक गोष्ट कळली. नुसता तुकडा पाठवला म्हणून काम झालं असं नसतं. सूक्ष्मदर्शकाखालीही हा रोग दुसऱ्या कर्करोगांसारखा दिसू शकतो. म्हणून तुकड्याबरोबरच्या कागदावर डॉक्टरांनी आपली शंका लिहायची असते. पेशींत चरबी आहे का, हे एका खास रंगानं पाहता येतं, पण नेहमीच्या प्रक्रियेत तुकडा ज्या द्रावणांतून जातो त्यांत चरबी विरघळून जाते. त्यामुळे त्या रंगासाठी ताजा तुकडा वेगळा ठेवावा लागतो. आता ॲडिपोफिलिन नावाच्या प्रथिनाची चाचणी नेहमीसारख्या तयार केलेल्या तुकड्यावरही करता येते. माझ्या रिपोर्टमध्ये ती केलेली होती. ‘ॲडिपोफिलिन पॉझिटिव्ह’ हे शब्द मी इतक्या वेळा वाचले की डोळे मिटले तरी दिसायचे.

बारापैकी अकरा तुकडे स्वच्छ होते. बारावा गाठीचाच.

पुढचा आठवडा तपासण्यांत गेला. हा रोग आधी कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथींकडे जातो, म्हणून मानेची सोनोग्राफी. नेत्रखोबणीत काही उतरलंय का, यासाठी स्कॅन. छाती-पोटाचाही एक स्कॅन. शिवाय डॉक्टरबाईंनी घरातल्यांच्या आजारांची चौकशी केली, विशेषतः आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाची. मला वाटलं, पापणीचा आणि आतड्याचा काय संबंध? संबंध आहे. मुइर-टोरे नावाचा एक आनुवंशिक दोष असतो. त्यात पेशींमधल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते, आणि तैलग्रंथींच्या गाठी व आतड्याचा कर्करोग एकाच माणसात किंवा एकाच घरात दिसतो. माझ्या मावशीला आतड्याचा कर्करोग झाला होता, म्हणून गाठीच्या त्याच तुकड्यावर दुरुस्ती करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी झाली. चारही जागेवर होती, म्हणजे ती यंत्रणा शाबूत होती. मुलीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

गाठ १० मिलिमीटरच्या आत होती, कुठेही पसरलेली नव्हती. डोळा वाचणार होता. मी सरळच विचारलं होतं, “डोळा काढायला लागेल का?” त्यांनीही सरळ सांगितलं, की रोग नेत्रखोबणीत शिरलेला असेल तर कधी कधी खोबणीतलं सगळं काढावं लागतं, आणखी उशीर झाला असता तर तो विषय निघाला असता, आज तो नाही.

शस्त्रक्रियेची आखणी ऐकून मात्र माझे हातपाय गार पडले. गाठीच्या भोवती ४ ते ५ मिलिमीटर निरोगी दिसणारा भागही काढायचा. वरची पापणी आडवी साधारण ३० मिलिमीटर. आठ मिलिमीटरची गाठ आणि दोन्हीकडची कड धरली तर निम्म्याहून जास्त पापणी जाणार होती. पाव भाग गेला तर उरलेल्या कडा एकमेकींना शिवता येतात. वय झालेल्यांची पापणी सैल असते, त्यांच्यात थोडा जास्त गेला तरी निभतं. माझं तेवढ्यात निभणार नव्हतं. आणि वरच्या पापणीशिवाय डोळा राहू शकत नाही, बुबुळ सुकून पांढरं पडतं. म्हणून वरची पापणी खालच्या पापणीतून उसनी घ्यायची. कटलर आणि बिअर्ड या दोन शल्यचिकित्सकांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे. खालच्या पापणीची केसांची कड तशीच पुलासारखी ठेवायची, तिच्या खालून पूर्ण जाडीचा भाग मोकळा करायचा, तो पुलाखालून वर ओढून वरच्या खिंडाराला शिवायचा. रक्तपुरवठा खालूनच चालू राहतो. सहा ते आठ आठवड्यांत तो भाग वर नीट रुजला, की मध्ये कापून दोन्ही पापण्या वेगळ्या करायच्या. तोवर डोळा बंद.

“पूर्ण बंद?”

“पूर्ण बंद, काकू.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी पूर्ण भूल होती, त्यामुळे मला आठवणारं काही नाही. बाहेर बसलेल्या यांच्याकडून कळलं ते असं. काढलेल्या भागाच्या कडा तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते, फ्रोझन सेक्शन. पहिल्या खेपेत नाकाकडच्या कडेत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. आणखी ३ मिलिमीटर काढले. दुसऱ्या खेपेत सगळ्या कडा स्वच्छ. तो निरोप घेऊन कोणीतरी बाहेर आलं, तेव्हा यांनी हातातलं वर्तमानपत्र उलटं धरलेलं होतं, असं माझा भाऊ सांगतो.

कडा तपासत तपासत काढण्याची ही कल्पना पुढे मी फार कुतूहलानं वाचली. फ्रेडरिक मोझ या अमेरिकन डॉक्टरांनी १९३० च्या दशकात थराथरानं काढून प्रत्येक थराची संपूर्ण कड तपासण्याची रीत बसवली. सुरुवातीला ते कातडीला झिंक क्लोराइडचा लेप लावून ठेवत, आणि त्यात प्रत्येक थराला बराच वेळ जाई. १९५३ मध्ये पापणीच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचं चित्रीकरण करताना वेळ वाचवायला म्हणून त्यांनी लेपाऐवजी ताजा तुकडा गोठवून पाहिला, आणि ती वाट पुढे रूढ झाली. पापणीवर एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. रोग तर उरायला नको, आणि निरोगी भाग तर उगाच जायला नको.

मग ते सात आठवडे. बंद डोळ्याआड काळोख असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. खिडकीकडे तोंड केलं की शेंदरी उजेड जाणवायचा. सकाळी जाग आली की मी आधी तो बघायची. उजेड दिसला म्हणजे डोळा आहे. दोन्ही पापण्या एकत्र शिवलेल्या, त्यामुळे उजव्या डोळ्यानं इकडेतिकडे पाहिलं की डावा आत फिरतोय हे कळायचं, आणि कुठेतरी ओढ बसायची. पट्टी बांधायची, पण पुलावर दाब येता कामा नये, नाहीतर त्या अरुंद कडेचा रक्तपुरवठा तुटतो. दिवसातून दोनदा निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुलाखाली साचलेला चिकटा पुसायचा. हे काम ह्यांनी केलं. हात थरथरतो त्यांचा, पण काडी धरली की थांबायचा.

एका डोळ्यानं खोली कळत नाही. पाणी ओतायला गेले की धार पेल्याच्या अलीकडेच पडायची. पेनाचं टोपण पेनाशेजारून हवेत जायचं. जिना उतरताना शेवटची पायरी नेहमी एक जास्त किंवा एक कमी वाटायची. पेल्याच्या काठाला तांब्या टेकवून ओतायचं, टोपण आधी बोटाला लावून मग पेनावर आणायचं, असे उपाय हळूहळू सापडत गेले. तिसऱ्या आठवड्यात मी एक पान वाचायला घेतलं. अर्ध्या तासात थकले, पण तीन चुका पकडल्या.

तपासणीला जायचे तेव्हा बाहेर बसलेली माणसं बोलायची. पट्टी बांधलेल्या माणसाशी लोक फार मोकळेपणानं बोलतात. त्या बाकावर मला कळलं, की डोळ्याभोवतीची ‘गाठ’ या एका शब्दाखाली केवढ्या निरनिराळ्या गोष्टी येतात. एका बाईंच्या पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यांत पिवळे चपटे डाग होते, झँथेलाझ्मा. डाग निरुपद्रवी, पण रक्तातली चरबी तपासून घ्यायला सांगितली होती. ती निम्म्या लोकांत नॉर्मलच निघते म्हणे, तरी बघायची. एका आजोबांच्या खालच्या पापणीत, नाकाजवळ, मोत्यासारखी चकचकीत कड आणि मध्ये खड्डा असलेला व्रण होता. तो बेसल सेल कार्सिनोमा, त्वचेचा एक कर्करोग. हा हळू वाढतो, लांब सहसा पसरत नाही, पण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला असेल तर खोल उतरायची भीती असते, म्हणून त्याला हलक्यात घ्यायचं नाही.

एका तान्ह्या बाळाच्या वरच्या पापणीवर लालभडक उंचवटा होता, रक्तवाहिन्यांची गाठ. त्याची आई घाबरून गेलेली. ही गाठ कर्करोगाची नव्हे आणि पुढे काही वर्षांत आपोआपही ओसरते, पण तोवर पापणी खाली दाबून बुबुळाचा आकार बदलते आणि तो डोळा बघायला शिकतच नाही, आळशी होतो. म्हणून थांबायचं नसतं. पूर्वी स्टेरॉइड देत. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या औषधानं अशा गाठी आक्रसतात हे प्रसिद्ध केलं. तेही योगायोगानंच लक्षात आलं, हृदयाच्या तक्रारीसाठी औषध दिलेल्या बाळाची गाठ फिकी पडत गेली म्हणून. नाडी आणि रक्तातली साखर सांभाळून ते देतात. पाच आठवड्यांत त्या बाळाची पापणी माझ्या डोळ्यांदेखत अर्धी उघडली.

आणि एक तरुण मुलगा. त्याचा एक डोळा पुढे आणि किंचित खाली सरकलेला, दुखणं नाही, वर्षभर हळूहळू होत गेलेलं. अश्रुग्रंथीची गाठ. तो म्हणाला, “माझा तुकडा घेणार नाहीत, गाठ अख्खीच काढणार आहेत.” मी दचकले. तुकडा न घेता? त्या दिवशी डॉक्टरबाईंना मी आधी त्याच्याबद्दलच विचारलं. त्याच्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत, पण तसल्या गाठींचं समजावून सांगितलं. अश्रुग्रंथीत हळू वाढणारी, न दुखणारी एक गाठ असते, प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. ती सौम्य असते, पण तिचं आवरण कापून तुकडा घेतला तर पेशी आजूबाजूला सांडतात आणि वर्षांनी पुन्हा उगवतात, कधी कर्करोग होऊन. म्हणून ती आवरणासकट काढायची आणि मग सगळी तपासायला द्यायची. झपाट्यानं वाढणारी, दुखणारी गाठ असेल तर उलट, तिथे आधी तुकडा. मी तोवर सगळ्यांना ‘तुकडा घ्या’ असं सांगत सुटले होते. त्या दिवसापासून माझं सांगणं बदललं. आधी की नंतर ते डॉक्टर ठरवतील, पण बाहेर निघालेलं काहीही डब्यात जाऊ देऊ नका.

सातव्या आठवड्यात जागेवरच्या भुलीत पापण्या वेगळ्या केल्या. कात्री फिरली आणि एकदम पांढरा, पातळ, पाणीदार उजेड आत आला. छतावरचे दिवे दोन दिसले, मग हळूहळू एक. डॉक्टरबाईंचा चेहरा धूसर. त्या म्हणाल्या, “मिटा. उघडा.” मी मिटला, उघडला. तेवढं पुष्कळ होतं.

नव्या पापणीला केस नाहीत, येणारही नाहीत. ती उजवीपेक्षा जराशी जाड आहे आणि झोपेत डोळा एक मिलिमीटरभर उघडा राहतो, म्हणून रात्री जेल, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब. पहिल्या वर्षी त्वचेवरचे बारीक लव-केस आत वळून बुबुळाला टोचायला लागले, तेव्हा एकदा छोटी दुरुस्ती करावी लागली. आरशात पाहिलं की अजूनही नजर आधी तिथेच जाते. पण मी पूर्ण दिवस वाचू शकते. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी होती, मग सहा महिन्यांनी. आता पाचवं वर्ष चालू आहे. दर वेळी तेच: पापणी उलटून बघणं, कानापुढे बोटं, जबड्याखाली बोटं, मान. ती बोटं कानापुढे थांबली की माझा श्वास थांबतो. पुढे सरकली की सुटतो.

आधीच्या डॉक्टरांना मी एक पत्र लिहिलं. रागाचं नव्हतं, निदान मी राग त्यात येऊ दिला नाही. तिन्ही वेळच्या तारखा लिहिल्या, रिपोर्टची प्रत जोडली, आणि विनंती केली की पापणीतून काढलेली वस्तू यापुढे तपासायला पाठवावी, निदान दुसऱ्यांदा आलेली तरी. उत्तर आलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या जावेची रांजणवाडी काढायची ठरली. ती त्रेसष्ट वर्षांची, आणि गाठ दुसऱ्यांदा आलेली, त्याच जागी. मी तिच्याबरोबर गेले. आत जायच्या आधीच डॉक्टरांना सांगितलं, की तुकडा पाठवा. ते लगेच हो म्हणाले. बाहेर आल्यावर सिस्टरकडून बाटली मागून घेतली आणि लेबल वाचलं. नाव बरोबर, तारीख बरोबर. डोळा ‘डावा’ लिहिला होता. तिचा उजवा. मी पिशवीतून पेन काढलं आणि सिस्टरना दाखवलं. त्यांनी खोडून ‘उजवा’ लिहिलं, शेजारी सही केली. आठवड्यानं रिपोर्ट आला: कलाझिऑन, दाहाच्या पेशी, कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत. जावेनं तो एकदा वाचला आणि पर्समध्ये ठेवायला निघाली. मी म्हटलं, “थांब, मला दे जरा,” आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.